गणित झालं, आता काय?

नवीन जालन्यातल्या एका शाळेत मला अधूनमधून कवितेच्या तासाला बोलावतात. गेल्या खेपेला पाचवीच्या वर्गात पोचलो, तर भागाकाराची दहा गणितं चालू होती. एका मुलीची केव्हाच झाली होती. तरी पेन्सिल चालूच! वाकून पाहिलं, तर ती लिहिलेल्या उत्तरांवरच पुन्हा गिरवत होती. का, म्हणून विचारलं. हळूच म्हणाली, "सर, झालं म्हटलं की बाई आणखी दहा देतात."

नऊ-दहा वर्षांची पोर हुशारी लपवायला शिकली होती.

बाईंना तरी काय बोलणार? निम्मा वर्ग पाढ्यांवर अडलेला. हुशार मूल आपलं आपण शिकतं, अशी आपली समजूत. आमच्या वेळी पहिल्यांदा संपवणाऱ्याला फळा पुसायला मिळे. मी पुष्कळ फळे पुसले. (ही फुशारकी समजू नका, हात पांढरे व्हायचे!) मग एका गुरुजींनी मला निराळंच काम दिलं. "तुझी अम्मी घरी बोलते ते शब्द या धड्यात शोध." दप्तर, कागद, शाई, हजेरी... वही भरत गेली. धडा तोच होता, पण माझ्यासाठी तो खोल झाला.

पुण्यात डॉ. वि. वि. पेंडसे यांनी बुद्धिमान मुलांसाठी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. नवोदय विद्यालयं आहेत, शिष्यवृत्ती परीक्षा आहे. पण या सगळ्यात आधी निवड. ज्याची निवड होत नाही, त्याचा बाक तोच आणि फळाही तोच.

गुरुजींची गोष्ट मी बाईंना सांगितली. त्यांनी जरा विचार केला आणि त्या मुलीला म्हणाल्या, "भागाकार बारा आणि बाकी पाच येईल, अशी गणितं तूच तयार कर."

तिनं भाजक घेतला तीन. तीन बारे छत्तीस, अधिक पाच, एकेचाळीस. भागून पाहिलं तर भागाकार आला तेरा, बाकी दोन! पोर अडली. खोडलं, चार घेतले, पुन्हा तेच. पाच घेतले, तर बाकीच उरेना. सहा घेतले आणि जमलं. मग सात, आठ... "सर, बाकीपेक्षा भाजक मोठाच लागतो!" हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या मुलानं तिचंच एक गणित आपल्या वहीत उतरवून घेतलं.

घंटा झाली. माझी कविता त्या दिवशी राहूनच गेली.