गाळलेलं ऑइल, बदललेलं ऑइल
(रेडिओवरील भाषण)

चिचगड गावच्या रस्त्यावर चारचाकी गाडी आता नवलाची राहिलेली नाही. धानाचे पैसे हाती आले की कुणी जुनी बोलेरो घेतं, कुणी आल्टो. गाडी दारात आली की तिचे लाड सुरू होतात. सीट कव्हर येतं, नवा हॉर्न येतो, मागच्या काचेवर पोरांची नावं येतात. अलीकडे मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून आणखी एक लाड निघाला आहे, तो म्हणजे इंजिन ऑइलसाठी वरून बसवायचा जादा फिल्टर. विकणारा सांगतो, एवढा बसवा आणि ऑइल बदलण्याची कटकट विसरा. 'विसरा' हा शब्द ऐकला की मालकाचे कान टवकारतात आणि देवरीच्या मिस्त्रीला फोन जातो.

वेळ थोडा आहे, म्हणून उत्तर आधीच सांगितलेलं बरं. घरच्या गाडीला असा फिल्टर बसवण्यात पैसे घालू नयेत. त्याच पैशात ऑइल वेळेवर बदलावं आणि एअर फिल्टरकडे लक्ष द्यावं.

दिवाळीत करंज्या-अनारसे तळून झाले की कढईतलं तेल घरोघरी गाळून ठेवतात. गाळणीतून गाळलं तर मोठे तुकडे अडकतात. मलमलच्या फडक्यातून गाळलं तर बारीक काळे कणही अडकतात, फक्त वेळ फार लागतो. पण तेल कितीही नितळ दिसलं, तरी चारदा तापलेलं तेल पुन्हा कढईत ओतलं की वास मारतं, फेस येतो, घसा धरतो. तेल तापून आतून बदललेलं असतं, आणि ते बदललेपण फडक्यात अडकत नाही. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून तळणाच्या तेलाला मर्यादा घातली. त्यातली ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. हॉटेलवाल्याने ते किती बारीक फडक्यातून गाळलं, हे तिथे कुणी विचारत नाही.

इंजिनातल्या ऑइलचंही तेच. त्यात मळ धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, झीज रोखणारी रसायनं मिसळलेली असतात. ती काम करता करता संपतात. फिल्टर मळ काढतो, संपलेली रसायनं परत घालत नाही. गाळलेलं ऑइल स्वच्छ असू शकतं, ताजं नसतं. ही गोष्ट पुन्हा सांगावी लागणार आहे.

वरून बसवलेली प्रत्येक वस्तू म्हणजे फसवणूक, असं मात्र समजू नये. ऑइल फिल्टरच मुळात वरून बसवलेला आहे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला तो नव्हताच. 1923 साली अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहॉल्ग या दोघा अमेरिकनांनी 'पुरोलेटर' नावाचा फिल्टर काढला, आणि मोटारीला ऑइल फिल्टर लावण्याची चाल पडली. ते जुने फिल्टर बायपास जातीचे होते, म्हणजे ऑइलचा थोडा हिस्सा बाजूला घेऊन तो सावकाश गाळायचे. पुढे सगळं ऑइल ज्यातून जातं असा फिल्टर आला. सगळं ऑइल भराभर जायचं, तर त्याचा कागद फार बारीक ठेवता येत नाही. साधारण 20 ते 40 मायक्रॉनचे कण तो नीट धरतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कागद तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट झालं, तर आतली झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. बेरिंगला कोरडं ठेवण्यापेक्षा मळकं ऑइल परवडलं, असा त्यामागचा हिशेब.

आज किट म्हणून विकतात तो पुन्हा तोच जुना बायपास, फक्त सुधारलेला. दोनचार मायक्रॉनपर्यंतचे कण तो पकडू शकतो, आणि बेरिंगमधला ऑइलचा थरही काही मायक्रॉनचाच असल्यामुळे हे बारीक कणच जास्त घासतात. विकणारे 1988 सालच्या एका अभ्यासाचा दाखला देतात. 40 मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत 30 मायक्रॉनच्या फिल्टरने झीज निम्म्याने घटली, 15 मायक्रॉनच्या फिल्टरने 70 टक्क्यांनी. आकडे खरे आहेत. पण तो प्रयोग जनरल मोटर्सच्या एसी स्पार्क प्लग या फिल्टर बनवणाऱ्याच विभागातला, आणि झीज लवकर दिसावी म्हणून ऑइलमध्ये मुद्दाम धूळ घातलेली. घरच्या गाडीच्या ऑइलमध्ये कुणी चमच्याने धूळ घालत नाही.

मग धूळ येते कुठून? हवेतून. मळणीच्या दिवसांत थ्रेशरचा भुसा, मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फडांकडे जाणाऱ्या गाड्यांनी उडवलेली माती, हे सगळं इंजिन नाकाने ओढत असतं. मातीतला वाळूचा कण लोखंडाला खातो. त्याला अडवायची जागा एअर फिल्टर, आणि नेमकं तिथेच हयगय होते. कागदाला कॉम्प्रेसरची हवा मारून तोच फिल्टर पुन्हा बसवतात; जोराच्या हवेने कागदाला बारीक भोकं पडतात आणि धुळीला वाट मोकळी होते. कधी फिल्टरच्या डब्याची क्लिप तुटलेली, कधी रबरी पाइपला चीर. कढई उघडी टाकायची, वरून माती पडू द्यायची आणि फडकं मात्र आणखी बारीक आणायचं, असा हा कारभार. एअर फिल्टर काही शे रुपयांना मिळतो. त्यासाठी व्हिडिओ कुणी काढत नाही.

चिचगडच्या गाडीचं दुखणं तर याहून वेगळं आहे. ही गाडी फार चालत नाही. देवरीचा बाजार, दवाखाना, मुलाची शाळा, एखादं लग्न. थोड्या अंतरात ऑइल पुरतं तापत नाही. मग न जळालेलं पेट्रोल आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये उतरतं, आणि ते उडून जायला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात ऑइल टाकायच्या झाकणाखाली पांढरट चिकटा दिसतो तो बहुधा यामुळेच. मात्र गाडी लांब चालवूनही तो हटला नाही, किंवा रेडिएटरचं पाणी कमी होत असलं, तर मिस्त्रीला दाखवावं. विरघळलेलं पेट्रोल आणि आम्ल कुठल्याही किटच्या कागदात अडकत नाहीत. म्हणून 'किलोमीटर झालेच नाहीत, ऑइल कशाला बदलू' हे म्हणणं सोडावं. पुस्तिकेत किलोमीटरच्या शेजारी महिनेही छापलेले असतात. धूळ आणि जवळच्या फेऱ्या यांना तीच पुस्तिका खडतर वापर म्हणते आणि ऑइल लवकर बदलायला सांगते. ते पान उघडून पाहिलेला मालक विरळा.

बारीक फिल्टर शोभतो कुठे? जिथे ऑइल लिटरवारी नाही, पिंपाने लागतं तिथे. रेल्वेच्या जुन्या डिझेल इंजिनांत शेकडो लिटर ऑइल असे. पुण्यासारख्या डिझेल शेडमध्ये त्याचे नमुने तपासत. लोखंड, तांबं, शिसं किती आलं यावरून आतला कोणता भाग झिजतो आहे याचा अंदाज बांधत. अमेरिकेच्या आयडाहो इथल्या सरकारी प्रयोगशाळेने 2002 पासून कर्मचाऱ्यांच्या डिझेल बसना बायपास फिल्टर लावून काही वर्षं पाहणी केली, आणि ऑइलचा खप बराच घटला. पण तिथेही ऑइल ठरावीक वेळी तपासलं जात होतं. देवरीवरून नागपूर-रायपूर महामार्गाने रात्रंदिवस धावणाऱ्या ट्रकवाल्याने हा हिशेब जरूर मांडावा, सोबत तपासणीचा खर्चही धरावा. फिल्टर लावला आणि तपासणी केली नाही, तर ऑइल ताजं आहे की नुसतं गाळलेलं, हे कळणार कसं?

घरच्या गाडीचा हिशेब सोपा आहे. छोट्या गाडीत ऑइल तीन-चार लिटर. फिल्टरसकट बदलीला समजा दोन हजार रुपये लागले आणि किट दहा हजारांना पडलं. किटमुळे एक वर्षाआड बदली वाचली असं धरलं, तरी वर्षाला हजार सुटतात. दहा वर्षांनी पैसे वसूल, तेही किटचा आतला कागद फुकट मिळाला तर. शिवाय किटचे दोन पाइप दाबातल्या ऑइलचे. एखादा जोड काकोडीकडच्या जंगलरस्त्यावर सुटला, तर चेंबर रिकामं व्हायला वेळ लागत नाही, आणि ऑइलचा दिवा लागलेला दिसूनही गाडी हाकली तर इंजिन जाम. वॉरंटीतल्या गाडीला असा बदल केला, तर दावा करताना वाद वेगळाच.

घाईने आणखी दोन वस्तू. फिल्टरवर चिकटवायचं चुंबक फक्त लोखंडाचा चुरा धरतं. वाळू, अ‍ॅल्युमिनियम, बेरिंगचं शिसं त्याला लागत नाही. धुऊन वापरायच्या स्टीलच्या जाळीचं ऐकायला छान वाटतं, पण चांगल्या कागदापेक्षा तिची भोकं बहुधा मोठीच असतात. सुधारणा करायचीच हौस असेल तर गाडीला सांगितलेल्याच मापाचा, चांगल्या प्रतीचा फिल्टर घ्यावा. आटे जुळले म्हणून दुसऱ्या गाडीचा चढवू नये, आतल्या झडपेचा दाब वेगळा असू शकतो. घरोघरच्या स्प्लेंडर मोटारसायकलला तर कागदी ऑइल फिल्टरच नाही. जाळी आणि गाळ बाजूला फेकणारी छोटी फिरती वाटी एवढ्यावर ती चालते. तिचं इंजिन टिकतं ते वेळेवर बदललेल्या ऑइलवर. गाळलेल्या नाही, बदललेल्या!

नकली फिल्टर कसे ओळखायचे हा विषय राहिलाच. निदान एवढं करावं: पक्कं बिल मागावं, आणि जुना फिल्टर निघताना समोर उभं राहावं, म्हणजे तो खरंच बदलला की नुसता पुसला ते दिसेल. काढलेलं काळं ऑइल नाल्यात ओतू नये, दाराच्या चौकटीला वाळवीसाठी फासू नये. त्यात अंगाला घातक द्रव्यं असतात. ते गॅरेजच्या पिंपातच जाऊ द्यावं. त्याचं पुढे काय होतं, हा... वेळ संपल्याची खूण झाली आहे.