मण्याच्या पोटातले सुटे कण



फवारणीच्या दिवसांत बुरशीनाशकाची भुकटी कोणी थेट पंपात ओतत नाही. आधी बादलीत थोड्या पाण्यात नीट कालवतात. गोळे राहिले तर नोझल तुंबतं, औषधही सगळीकडे सारखं पडत नाही. आज ज्या नॅनोकणांबद्दल सांगायचं आहे, त्यांचं दुखणं अगदी हेच आहे.

हे कण अर्धवाहक पदार्थाचे. कॅडमियम सेलेनाइडचा दोन नॅनोमीटरचा कण अतिनील प्रकाशात निळा उजळतो, सहा नॅनोमीटरचा लाल. पदार्थ तोच, रंग ठरतो आकारावर! या क्वांटम बिंदूंसाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

२००१मध्ये अमेरिकेत शुमिंग नी यांच्या गटाने असे कण पॉलिस्टायरीनच्या सुमारे एक मायक्रोमीटरच्या मण्यांत भरले. मणी द्रावकात फुगवला, की कण आत शिरतात. सहा रंग आणि तेजाच्या दहा पातळ्या धरल्या, तर हिशेबाने दहा लाख वेगवेगळ्या खुणांचे मणी होऊ शकतात. प्रत्येक मण्याने एकेक जनुक ओळखायचं, अशी ती कल्पना.

पण तेज हीच खूण असेल, तर गुठळी चालणार नाही. कण एकमेकांना भिडले, की एकाने शोषलेली ऊर्जा शेजाऱ्याकडे जाते आणि एखाद्या सदोष कणापाशी वाया जाते. तेज घटतं, रंग तांबड्याकडे सरकतो. कण आधीच द्रवरूप स्टायरीनमध्ये मिसळून मणी घडवावा म्हटलं, तर पॉलिस्टायरीनच्या साखळ्या वाढताना कण बाहेर ढकलले जातात. म्हणून कणाच्या पृष्ठभागावर असे रेणू बसवतात, जे स्वतःच त्या साखळीत गुंफले जातात. मला हा मार्ग सर्वांत देखणा वाटतो.

कणांना रेणूंचं आवरण चढवण्याचं काम आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने १९९०च्या दशकापासून केलं. झिंक सल्फाइडच्या कणांवरही केलं.

परभणी, सेलू, गंगाखेडच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींना माझा आग्रह आहे, की सुरुवात या झिंक सल्फाइडनेच करा. कॅडमियम विषारी आहे, ते मोरीत ओतायची वस्तू नव्हे. झिंक सल्फाइडमध्ये किंचित मँगनीज घातलं, की अतिनील दिव्याखाली ते नारिंगी उजळतं. आधी आवरण न देता करून पाहा, मग आवरणासाठी थायोग्लिसरॉल घालून, आणि दोन्हींचं तेज शेजारी ठेवून ताडून पाहा.