प्रश्न विचारणारा कोण?

डायलिसिसच्या केंद्रात उपचार चालू असताना डॉक्टर हजर असलाच पाहिजे का, हा प्रश्न आपल्याकडे आरोग्य खात्याच्या फायलीत राहील. फार तर विधानसभेत एखादी लक्षवेधी सूचना होईल. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात तो थेट मतपत्रिकेवर आला, आणि तिथल्या शिक्षकाने, ट्रकचालकाने, आजीबाईंनी त्यावर मत दिलं. २०१८ साली या केंद्रांच्या कमाईवर मर्यादा घालावी का, असं विचारलं गेलं. २०२० साली डॉक्टरच्या सक्तीबद्दल विचारलं आणि २०२२ साली थोडा फेरफार करून पुन्हा तेच. तिन्ही वेळा लोकांनी ‘नाही’ म्हटलं.

ही चिकाटी रुग्णांची नव्हती. एका बाजूला होती आरोग्य कर्मचाऱ्यांची मोठी संघटना, जिला या केंद्रांतल्या कामगारांना आपल्यात आणायचं होतं. दुसऱ्या बाजूला ही केंद्रं चालवणाऱ्या डाव्हिटा आणि फ्रेझेनियस या कंपन्या. २०१८ मध्ये एकट्या विरोधी प्रचारावर दहा कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. भांडण मालक आणि संघटना यांचं, आणि पंच म्हणून बोलावलं सगळ्या राज्याला.

हे कसं शक्य होतं? गोष्ट १९११ सालची. सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने तेव्हा कॅलिफोर्नियाचं राजकारण खिशात घातलं होतं. हायरम जॉन्सन हे तिच्याविरुद्ध प्रचार करूनच गव्हर्नर झाले होते. आमदार विकले जात असतील तर लोकांनाच कायदा करू द्या, असा त्यांचा हिशेब. त्या वर्षी मतदारांनी तीन हक्क मिळवले: स्वतः कायदा मांडण्याचा, विधिमंडळाने केलेला कायदा मतदानाने रोखण्याचा आणि निवडून दिलेल्या माणसाला परत बोलावण्याचा. अशा प्रस्तावाला तिकडे ‘प्रपोझिशन’ म्हणतात, आणि बोलताना नुसतं ‘प्रॉप’.

प्रॉप मतपत्रिकेवर आणायचा तर सह्या हव्यात. गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत झालेल्या मतदानाच्या ५ टक्के. राज्यघटनाच बदलायची असेल तर ८ टक्के. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे साडेपाच लाखांच्या आणि पावणेनऊ लाखांच्या घरात होते, आणि मुदत १८० दिवसांची. एवढ्या सह्या हौशी कार्यकर्त्यांच्या हातून क्वचितच होतात. सुपरमार्केटच्या दारात फळी घेऊन उभा असलेला माणूस बहुधा पगारी असतो, किंवा त्याला दर सहीमागे पैसे मिळतात. पैशाला वेसण घालायला काढलेल्या वाटेवर पैशाचाच टोलनाका उभा राहिला.

तरीही या वाटेने खरा संताप कधीच आला नाही, असं म्हणणं चूक ठरेल. १९७८ चा प्रॉप १३ घ्या. घरांच्या किमती भडकल्या, त्याबरोबर घरपट्टी भडकली, आणि निवृत्त माणसांना राहत्या घरातून उठावं लागेल अशी धास्ती पसरली. हॉवर्ड जार्व्हिस नावाचे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आणि त्यांचे सहकारी पॉल गॅन यांनी प्रस्ताव आणला: घरपट्टी मूल्याच्या एक टक्का, आणि ते मूल्य घर विकलं जाईपर्यंत वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढेल. जवळजवळ ६५ टक्के लोकांनी तो उचलून धरला. परिणाम आजही दिसतो. सनीव्हेल किंवा फ्रीमाँटमध्ये हल्ली घर घेतलेलं मराठी जोडपं शेजारच्या जुन्या रहिवाशाच्या कितीतरी पट घरपट्टी भरतं. घरं तशीच, गल्ली तीच. शाळांचा खर्च स्थानिक घरपट्टीवरून सरकून राज्याच्या तिजोरीवर गेला तो गेलाच.

आणि मग २०२०. उबर, लिफ्ट, डोअरडॅश या कंपन्यांनी वीस कोटी डॉलरहून जास्त ओतून प्रॉप २२ आणला. चालकांना नोकर न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानावं, एवढाच त्याचा गाभा. तो मंजूर झाला. मला त्यातलं एक कलम फार बोलकं वाटतं: विधिमंडळाला यात बदल करायचा तर सात अष्टमांश बहुमत हवं! लोकांच्या नावाने मांडलेल्या कायद्यात लोकप्रतिनिधींनाच दाराबाहेर ठेवण्याची ही सोय.

पैसा नेहमी जिंकतो असंही नाही. मोबाइलवरून खेळांवर पैजा लावू देणारा २०२२ चा प्रॉप २७, त्यावर जाहिरातींचा पाऊस पडूनही, ८० टक्क्यांहून जास्त मतदारांनी झिडकारला. प्रस्ताव पाडण्यात मतदार हुशार आहेत, पण तो मांडण्याची ताकद त्यांच्या हातून निसटली आहे.

महाराष्ट्रातही मतपेटीतून प्रश्न सोडवण्याची एक पद्धत आहे: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिलांनी सह्या केल्या की दारूच्या दुकानावर गुप्त मतदान. तिथे सह्या दारोदार फिरून, नवऱ्याचे बोल ऐकून गोळा होतात. भाडोत्री माणूस नसतो. पण अट अशी, की यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. म्हणजे शेतावर गेलेली, माहेरी गेलेली, मयत होऊनही यादीत राहिलेली बाईसुद्धा दुकानाच्या बाजूने धरली जाते. कॅलिफोर्नियात मात्र झालेल्या मतदानातल्या साध्या बहुमताने राज्यघटना बदलते. आपली अट कडक नाही, अन्यायाची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिकडची एक चीज मात्र उचलण्याजोगी आहे. निवडणुकीआधी सरकार मतदारांच्या घरी एक पुस्तिका पाठवतं. प्रत्येक प्रस्तावाचा पूर्ण मजकूर, तिजोरीवर पडणारा भार, बाजूचं म्हणणं, विरोधाचं म्हणणं आणि दोघांची एकमेकांना उत्तरं. २०१६ साली १७ प्रस्ताव होते, तेव्हा ती सव्वादोनशे पानांच्या आसपास गेली होती. ती इंटरनेटवर कुणालाही वाचता येते, हिंदीतसुद्धा. दोन्ही बाजूंची भांडणं इतक्या सभ्य भाषेत छापलेली क्वचितच वाचायला मिळतात.

पगारी सह्यांवर बंदी घालावी, असं कुणालाही सुचेल. कोलोरॅडो राज्याने ती घातली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे कॅलिफोर्नियाने निराळा उपाय केला. २०२० पासून सह्यांच्या अर्जासोबत सर्वांत मोठ्या देणगीदारांची नावं दाखवावी लागतात. तुमचा मुलगा, भाची, पुतण्या तिथला मतदार झाला असेल, तर पुढच्या फोनवर एवढं जरूर सांगा: दुकानाच्या दारात कुणी सही मागितली, तर आधी ती यादी मागून वाच.