आमदारांचा हिशेब, कागदांवरून

पेठ वडगावच्या सोमवारच्या बाजारात आपण भाजीसुद्धा पारखून घेतो. मग पुन्हा मत मागणाऱ्या आमदारांचं काम पारखायला काय हवं? कागद. त्यांच्या विरोधात उभं राहणाऱ्यालाही तेच हवेत.

पहिला कागद उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्राचा. 2003 पासून त्यात मालमत्ता, कर्ज, प्रलंबित गुन्हे आणि शिक्षण लिहावंच लागतं. दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवा, फरक दिसेल. 2004 चं शोधताना ‘वडगाव’ मतदारसंघ पाहा. पुनर्रचनेनंतर आपण हातकणंगल्यात आलो.

दुसरा कागद विधानसभेच्या कामकाजाचा. आमदारांनी कोणते प्रश्न विचारले, ते त्यात सापडतं.

तिसरा आमदारांच्या स्थानिक विकास निधीचा. कोल्हापूरच्या जिल्हा नियोजन कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, विषय एकच, मजकूर 150 शब्दांत. उत्तर साधारण 30 दिवसांत मिळायला हवं.

एक पथ्य मात्र पाळा. वाढलेली मालमत्ता म्हणजे भ्रष्टाचार नव्हे आणि दाखल गुन्हा म्हणजे शिक्षा नव्हे. प्रचारात कागदात आहे तेवढंच बोला. असा प्रचार मतदाराला शहाणं करतो.