औषध हा हक्क आहे : थायलंडचा धडा



साथीच्या रोगात गरीब माणसाला दोन शत्रूंशी लढावे लागते. एक रोग आणि दुसरा औषधाची किंमत. थायलंड या देशाने एड्सच्या जागतिक साथीत या दोहोंशी कसा सामना केला, ते आज आम्ही आपणांसमोर मांडणार आहोत.

थायलंडमध्ये एड्सचा पहिला रुग्ण १९८४ साली आढळला. सुरुवातीला पर्यटन बुडेल या भीतीने फारसे बोलले गेले नाही. १९९१ साली पंतप्रधान आनंद पन्याराचुन यांनी एड्सविरोधी कार्य आरोग्य खात्यापुरते न ठेवता स्वतःच्या अध्यक्षतेखाली घेतले. मेचाई वीरवैद्य यांनी रेडिओ-दूरदर्शनवरून उघडपणे प्रचार केला. देहविक्रय चालणाऱ्या ठिकाणी कंडोमचा वापर शंभर टक्के व्हावा, असा कार्यक्रम देशभर राबविला गेला. १९९१ साली एका वर्षात सुमारे १ लाख ४३ हजार लोकांना नव्याने लागण झाली होती. २००३ साली तो आकडा सुमारे १९ हजारांवर आला.

परंतु रुग्णाला वाळीत टाकले जात होते. अस्पृश्यता काय असते हे आपणांस सांगावयास नको. १९९७ साली चिआंग माई येथे 'संघ मेत्ता' हा उपक्रम सुरू झाला. त्यात शिकून तयार झालेले भिक्खू रुग्णांच्या घरी जात आणि त्यांनी रांधलेले अन्न भिक्षेत स्वीकारत. हजार भाषणांनी जे झाले नसते, ते त्या एका घासाने केले.

आता औषधाकडे वळू. १९९२ साली अमेरिकेच्या दबावाखाली थायलंडने औषधांच्या पेटंटचा कायदा कडक केला होता. तरीही सरकारी औषध कारखान्यातील संशोधक कृष्णा क्रैसिन्टू यांनी १९९५ साली एझेडटी हे औषध देशातच तयार केले. २००२ साली तीन औषधे एकाच गोळीत आणणारी 'जीपीओ-व्हिर' निघाली. महिन्याचा खर्च सुमारे १२०० बाट इतका खाली आला. त्याच वर्षी एका पेटंटच्या खटल्यात न्यायालयाने मान्य केले की, रुग्णांनाही पेटंटविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार आहे. आमच्या मते हा निकाल त्या गोळीइतकाच मोलाचा आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये सरकारने 'एफाविरेन्झ' या औषधासाठी सक्तीचा परवाना काढला. म्हणजे पेटंट कंपनीचे असले, तरी सार्वजनिक हितासाठी ते औषध शासन स्वस्तात बनवू किंवा मागवू शकते. जागतिक व्यापार करारात याची तरतूद आहे. पुढच्याच वर्षी हे औषध भारतातून तेथे गेले. अमेरिकेने थायलंडला व्यापाराच्या देखरेख यादीत वर चढविले, एका कंपनीने आपल्या नव्या औषधांचे नोंदणी अर्ज मागे घेतले. पण सरकार डगमगले नाही. २०१६ साली मातेकडून बालकाला होणारी एचआयव्हीची लागण जवळजवळ संपविल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने थायलंडला दिली. आशियातील असा तो पहिला देश ठरला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सुईने नशा करणाऱ्यांना या यशाचा वाटा मिळाला नाही. २००३ च्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत अनेक माणसे मारली गेली आणि भीतीपोटी हे लोक दवाखान्यापासून दूरच राहिले. ज्याला समाज माणूस मानत नाही, त्याच्यापर्यंत औषध पोहोचत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी फार्मसी शिकत असेल, कोणी कायदा. या लढ्यात दोघांचीही गरज पडली. औषध ही कुणाची मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे. आणि हक्क मागण्यासाठी आधी त्याचे ज्ञान लागते. ते ज्ञान मिळवा आणि वस्तीपर्यंत न्या, एवढीच विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.

जयभीम.