जुना ब्रश टाकू नका

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते बोटभर लांबीच्या एका वस्तूबद्दल. केर काढणाऱ्या रोबोच्या पोटाखाली, पुढच्या कडेला, तीन हातांचा एक छोटासा ब्रश गरगर फिरत असतो. त्याला साइड ब्रश म्हणतात. 'आमच्याकडे कुठला आलाय रोबो!' असं ज्यांना वाटलं असेल, त्यांनीही रेडिओ बंद करू नये. ज्यांच्या घरात कुकरची रिंग आहे, मिक्सरचं कपलर आहे, पाण्याच्या फिल्टरमधली कांडी आहे, त्या सगळ्यांचाच हा विषय आहे.

माझं काम घरगुती उपकरणं दुरुस्त करण्याचं. पूर्वी दुकानात यायचे ते पंखे, मिक्सर, इस्त्र्या. २०२० च्या टाळेबंदीत कामाच्या मावशी येईनाशा झाल्या आणि बऱ्याच घरांत हा गोल पाहुणा आला. तसं हे यंत्र काही कालपरवाचं नाही. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीचा 'ट्रायलोबाइट' २००१ मध्ये बाजारात आला, अमेरिकेतल्या आयरोबोट कंपनीचा 'रूम्बा' २००२ मध्ये. आपल्याकडे ते घरोघरी दिसू लागलं ते गेल्या काही वर्षांत. आणि आता त्याची पहिली दुखणी माझ्या टेबलावर येऊ लागली आहेत. त्यांतली पुष्कळशी या साइड ब्रशपासून सुरू होतात.

आधी हा ब्रश करतो काय ते पाहू. यंत्र गोल आणि आपली खोली चौकोनी. त्यामुळे भिंतीच्या कडेचा, कोपऱ्यातला, कपाटाच्या पायाजवळचा केर यंत्राच्या तोंडापर्यंत पोचतच नाही. हा ब्रश तो केर ओढून आत ढकलतो. म्हणून त्याची फिरण्याची दिशाही ठरलेली असते. यंत्र आपल्यापासून पुढं चाललं आहे असं समजा आणि वरून पाहा. उजव्या बाजूचा ब्रश घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो आणि डावीकडे दुसरा ब्रश असेल तर तो काट्यांच्या दिशेनं. दोन्ही केर मध्ये आणतात. उजव्या-डाव्याची अदलाबदल झाली, तर तंतूंचा बाक उलटा पडतो आणि ब्रशचं काम बिघडतं. म्हणूनच दोन ब्रशच्या पुष्कळ यंत्रांवर 'एल' आणि 'आर' ही अक्षरं किंवा वेगवेगळे रंग दिलेले असतात. ब्रश बसवण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत.

आता खरी अडचण. ब्रश झिजला, की माणूस मोबाइलवर शोधतो. दहा-बारा ब्रशांचं पाकीट स्वस्तात दिसतं आणि त्यावर लिहिलेलं असतं 'कम्पॅटिबल', म्हणजे तुमच्या यंत्राला जुळणारा. श्रोतेहो, हा शब्द विक्रेत्यानं दिलेला भरवसा आहे, मोजमाप नव्हे. आपल्याकडे 'चालतंय की' हे दोन शब्द फार लाडके आहेत. पण मोटरला 'चालतंय' समजत नाही. तिला समजतं ते 'बसतं' किंवा 'बसत नाही'.

मागे एक निवृत्त शिक्षिका दुकानात आल्या. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, घरी एकट्या. सोबत शेजारचा मुलगा आणि त्याच्या हातात पिशवीत रोबो. यंत्र दोन मिनिटं चालायचं आणि 'ब्रश अडकला' असं सांगून थांबायचं. सेवा केंद्रात त्यांना उत्तर मिळालं होतं, "हे मॉडेल बंद झालं, आता नवीनच घ्या." मुलं म्हणत होती, "आई, घर बंद कर आणि आमच्याकडे ये." बाई मला म्हणाल्या, "अहो, मला वाकता येत नाही, एवढंच. बाकीचं घर मी चालवते. हा केर काढतो म्हणून मी माझ्या घरात आहे."

मी यंत्र उलटं केलं. मोटर ठणठणीत होती. ब्रश मात्र बाहेरून मागवलेला होता, 'सर्व मॉडेलना चालणारा'. दांड्यावर तो बसला होता, पण त्याचे हात लांब होते आणि तंतू राठ. फिरताना ते शेजारच्या चाकात जात होते. मी विचारलं, "बाई, जुना ब्रश कुठे आहे?" तो कचऱ्यात गेला होता. मग विचारलं, "यंत्राचा खोका?" खोका माळ्यावर होता. संध्याकाळी तो मुलगा खोका घेऊन आला. बऱ्याच यंत्रांबरोबर कंपनी एक जादा ब्रश देते, तसा या खोक्यातही होता, न उघडलेल्या पुडीत. नवा ब्रश त्याच्याशेजारी ठेवला आणि फरक डोळ्यांना दिसला. प्रत्येक हात जवळपास एक सेंटिमीटरनं लांब! त्या खोक्यातल्या ब्रशवर यंत्र पुन्हा चालू लागलं. त्याचं माप घेऊन पुढचे ब्रशही मिळाले. हजारो रुपयांचं यंत्र आणि एका बाईंचं स्वतःच्या घरात राहणं, हे दोन्ही त्या सेंटिमीटरवर अडलं होतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं, नवा ब्रश नीट बसून चालेपर्यंत जुना टाकू नका. तो कितीही झिजलेला असला तरी तोच तुमचा नमुना. कुकरची रिंग आणायला निघालेली आपली आई जुनी रिंग पिशवीत टाकूनच निघायची. दुकानदारही पहिला प्रश्न तोच विचारायचा, "जुनी आणलीय का?" ती पद्धत रोबोलाही लागू आहे.

जुना ब्रश हातात घेतला, की चार गोष्टी पाहा. पहिली म्हणजे त्याची बैठक. ब्रशच्या मधलं भोक चौकोनी आहे, षटकोनी आहे, की एका बाजूनं सपाट? तो नुसता दाबून बसतो की स्क्रूनं? बैठक सैल असेल तर ब्रश चालता चालता निसटून पलंगाखाली सापडतो. घट्ट असेल तर लोक तो ठोकून बसवतात आणि दांड्याला तडा जातो. स्क्रू शक्यतो जुनाच वापरा. नवा स्क्रू लांब निघाला तर तो तळाला टेकतो आणि ब्रश सैलच राहतो. आखूड निघाला तर आटे जातात.

दुसरी गोष्ट हातांची लांबी आणि संख्या. जुना ब्रश चौकटीच्या कागदावर ठेवून पेन्सिलीनं त्याच्याभोवती रेघ मारा. तंतू वाकले असतील तर सरळ धरून मोजा. लांब ब्रश जास्त केर ओढेल, हा समज खोटा आहे. यंत्राच्या पोटाखाली कड ओळखणारे सेन्सर असतात. ते जमिनीवर अदृश्य किरण सोडतात आणि किरण परत आला नाही तर पुढे पायरी आहे असं समजून यंत्र मागं फिरतं. लांब तंतू एकतर या सेन्सरच्या आड येतात, नाहीतर चाकात अडकतात.

तिसरी गोष्ट उंची. ब्रश सपाट जागेवर ठेवून बाजूनं पाहा. मधला भाग उंच आणि हात खाली झुकलेले असतात. हा झुकाव कमी असेल तर ब्रश हवेतच फिरतो. जास्त असेल तर तो फरशीवर घासत राहतो आणि मोटरवर भार पडतो.

चौथी गोष्ट ब्रश कशाचा आहे ही. काही ब्रश नायलॉनच्या तंतूंचे, काही रबरी पट्ट्यांचे. तुमच्या यंत्राबरोबर आला असेल तोच प्रकार घेणं बरं. राठ तंतूंचा स्वस्त ब्रश घ्यायचा आणि मग मोटर बदलायची, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

यंत्राच्या नावावर मात्र भिस्त ठेवू नका. रूम्बाचंच पाहा. त्याच्या ई, आय आणि जे या तीन मालिकांना एकच साइड ब्रश चालतो. पण त्याच घराण्यातल्या एस ९ ला पाच हातांचा वेगळा ब्रश लागतो. तेव्हा वरचं झोकदार नाव सोडा. यंत्र उलटं करा आणि पोटावरच्या चिठ्ठीवरचा मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. मोबाइलवर त्याचा फोटो काढलात तर अधिक चांगलं.

मग दुसऱ्या कंपनीचे ब्रश घ्यायचेच नाहीत का? तसं मी म्हणणार नाही. पुष्कळसे उत्तम असतात. फक्त पहिल्यांदा डझनाचं पाकीट घेऊ नका, लहानातलं लहान घ्या. ब्रश बसवल्यावर हातानं एक फेरा फिरवून पाहा, कुठं घासत नाही ना? मग दहा मिनिटं यंत्र चालवा आणि जवळ उभं राहून ऐका. टकटक किंवा करकर आली तर लगेच थांबवा. वॉरंटी चालू असेल तोवर कंपनीचाच ब्रश वापरून पावती जपून ठेवणं शहाणपणाचं. ऑनलाइन घेताना विक्रेत्याचं नाव, माल कोणत्या देशातला आहे आणि परत घेण्याच्या अटी वाचा. आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि कमाल किंमत असावी लागते. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ लक्षात ठेवा.

आणखी एक. ब्रश बदलायची घाईही नको. शाओमी आणि रोबोरॉक यांच्या बऱ्याच यंत्रांच्या मोबाइल ॲपमध्ये साइड ब्रशचं आयुष्य २०० तास धरलेलं असतं. रोज तासभर यंत्र चालवलं तर ते साडेसहा महिन्यांत संपतं. पण ते ॲप फक्त तास मोजतं, ब्रश बघत नाही. ब्रश आपण बघायचा. हात तुटला असेल, तंतू निम्म्यावर आले असतील किंवा मधलं भोक झिजून गोल झालं असेल, तर बदला. नायलॉनचे तंतू नुसते वाकले असतील, तर तेवढेच तंतू अर्धा मिनिट कपभर गरम पाण्यात बुडवा, हाताला चटका न बसेल अशा बेतानं सरळ करा आणि गार होऊ द्या. आठवड्यातून एकदा ब्रश काढून दांड्याला गुंडाळलेले केस आणि दोरे कात्रीनं कापून टाका. हे केस हळूहळू आत गिअरपर्यंत जातात आणि मोटर जाम करतात.

हे सगळं आपल्याला का यायला हवं? कारण कंपन्या कायमच्या नसतात. अमेरिकेतली नीटो ही रोबो बनवणारी कंपनी २०२३ मध्ये बंद करण्यात आली. खुद्द रूम्बाच्या आयरोबोटनं डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायालयाकडे अर्ज केला. कंपनीचं काहीही होवो, यंत्रं लोकांच्या घरात फिरतच असतात. त्यांना ब्रश लागतोच. आपल्या केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केलं, ते ग्राहकाला सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळावी म्हणूनच. पण हक्क वापरायचा तर आपल्याला नेमकं काय हवं ते सांगता आलं पाहिजे.

तेव्हा यंत्र विकत घेतानाच विचारा, "याचा ब्रश कुठे मिळेल, केवढ्याला मिळेल?" दुकानदार अडखळला तर दुसरं यंत्र पाहा. आणि घरात यंत्र आधीच असेल तर आज एवढंच करा. त्याचा मॉडेल क्रमांक एका चिठ्ठीवर लिहा आणि कागदावर काढलेल्या ब्रशच्या आकृतीसह ती चिठ्ठी सुई-दोऱ्याच्या डब्यात ठेवा. पुढं ब्रश बदललात की जुनाही त्याच डब्यात टाका. यंत्र अडेल त्या दिवशी कुणी 'नवीनच घ्या' म्हणालं, तर तुमच्या हातात उत्तर असेल.