घोडायात्रेच्या गावी डकारच्या स्वाराचा गौरव



मोटारसायकल शर्यतपटू सी. एस. संतोष यांच्या कार्यावरील या संमेलनाचे यजमानपद चिमूरला लाभले, याचा येथील नागरिकांना अभिमान वाटतो. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेले हे गाव इंग्रज सत्तेविरुद्ध रस्त्यावर उतरले, गोळीबारात अवघ्या १६ वर्षांचा बालाजी रायपूरकर धारातीर्थी पडला, आणि त्यानंतर येथील स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. बालाजीचे नाव तालुक्याबाहेर फारसे कोणी घेत नाही, ही खंत स्वागत समिती येथे मुद्दाम नोंदवते. सर्वांत पुढे पाऊल टाकणाऱ्याचा विसर पडू नये, एवढीच तिची इच्छा आहे.

येथील माघातल्या घोडायात्रेत श्रीहरी बालाजींची स्वारी लाकडी घोड्यावरून निघते आणि दर्शनासाठी खेडोपाडीचे लोक रात्र जागवतात. इंजिनाचे बळ आजही अश्वशक्तीत मोजले जात असल्यामुळे संमेलनाच्या विषयाशी चिमूरचे नाते अगदीच दूरचे नाही.

बंगळूरच्या संतोष यांनी २०१५ मध्ये दक्षिण अमेरिकेतील डकार रॅलीत, म्हणजे वाळवंट व डोंगर तुडवीत सुमारे दोन आठवडे चालणाऱ्या शर्यतीत, उतरणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळवला आणि ३६वे स्थान पटकावले. तेव्हा अशा शर्यतीत हँडलवरील पेटीत गुंडाळलेल्या कागदी पट्टीवरच्या खुणा, म्हणजेच रोडबुक, वाचत भरधाव वाट शोधावी लागे. २०२१ च्या डकारमध्ये त्यांना गंभीर अपघात झाला.  नवोदितांना कच्च्या वाटांवर गाडी चालवण्याचे धडे मिळावेत म्हणून संतोष यांनी उभारलेले प्रशिक्षण मैदान हे त्यांचे सर्वांत टिकाऊ काम होय.

चिमूरला रेल्वे नसल्याने प्रतिनिधींना एस. टी. ने हेलकावे खात यावे लागले, शाळेच्या वर्गखोल्यांत गाद्या कमी पडल्या आणि काल रात्री वीज गेल्याने पाण्याची टाकी वेळेत भरली नाही, याबद्दल समिती अंतःकरणपूर्वक क्षमा मागते. तांदूळ देणारे शेतकरी, भांडी व मंडप विनामूल्य पुरवणारे व्यावसायिक, नाव न छापण्याच्या अटीवर देणगी देणारे व्यापारी, पहाटे चारपासून चुलीपाशी राबणाऱ्या बचत गटाच्या भगिनी आणि प्रतिनिधींसाठी घरची चादर-उशी आणून देणारे विद्यार्थी या सर्वांचे ऋण समिती मान्य करते. टाकी आता भरली असून भोजन शाळेच्या मागील पटांगणात दुपारी एक वाजता वाढले जाईल.